ब्रेडबोर्डचं जन्मस्थान

३ तारीख, सोमवार

भिंतीवर तांबडी फुली मारून गेले. विचारलं नाही, सांगितलं नाही. मी गल्ल्यावर बसले होते. एक पोरगेलासा माणूस आला, फीत धरली, मागे सरकला, पुढे सरकला, फुली मारली आणि वर मलाच म्हणतो, "आजी, एक पाव द्या, ताजा." दिला. कालचा दिला.

रस्ता रुंद करणार म्हणे. कशासाठी? आहे त्या रस्त्यावर माणसं धड चालत नाहीत, रुंद झाला की आडवी पडतील.

संध्याकाळी भाऊजी, म्हणजे माझे दीर, आपली फीत घेऊन खाली आले आणि पुन्हा सगळं मोजलं. त्यांना मोजायला कारण लागत नाही. म्हणाले, "वहिनी, पुढचाच भाग जातोय. दुकान आणि वरची तुमची खोली. भट्टी मागे आहे, ती राहते."

मी म्हटलं, "दुकान गेल्यावर भट्टी काय करायची? आपणच बसून खायचे का सगळे पाव?"

गप्प वर गेले. जन्मभर हेच केलं. मागच्या खोलीत तारांचा गुंता करून बसायचं, आणि घरावर काही आलं की फीत काढायची. हे गेल्यापासून बेकरी मी चालवते. मुलगा लांब नोकरीला. सून माझ्याजवळ असते, गल्ला ती माझ्यापेक्षा बरा सांभाळते, पण हे तिला सांगायचं कारण नाही.

ही वही तिचीच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज काय खाल्लं ते लिहा. काय खाल्लं ते मला माहीत आहे. त्यापेक्षा कोण काय बोललं ते लिहिते. फुली पुसली जाईपर्यंत लिहीन, मग बंद.

५ तारीख, बुधवार

बहिणीचा मुलगा आला होता. तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून घरात सगळे त्याला मास्तर म्हणतात. फुली बघून हळहळला. हळहळताना दोन बिस्किटं खाल्ली.

म्हणाला, "मावशी, जुनी वास्तू म्हणून वाचवता येईल. जतन समितीत माझी ओळख आहे. पण काहीतरी इतिहास पाहिजे. इथे कोणी थोर माणूस राहून गेला का?"

"तुझे काका राहिले. मी राहते."

"काही घडलं का कधी? आठव ना."

"एकदा पिठाच्या पोत्यात मांजर व्यायली होती."

मग तो भाऊजींकडे वर गेला. मीही गेले, कारण भाऊजींची खोली दुसऱ्या कोणाच्या नजरेने बघितली की कळतं किती पसारा आहे. टेबलावर एक पांढरी फळी होती, नुसती भोकं भोकं. त्यात तारा खोचलेल्या आणि मधेच एक दिवा लुकलुकत होता. मी म्हटलं, "हे काय, बिस्किटाला दिवे लागले?"

"ब्रेडबोर्ड म्हणतात याला," भाऊजी म्हणाले.

"म्हणजे पावाची फळी. मग यात पाव कुठे?"

एरवी तोंड न उघडणारा माणूस, पण तारांचं विचारलं की नळ सोडल्यासारखा. म्हणे फार पूर्वी, रेडिओ नवे होते तेव्हा, हौशी लोक घरीच रेडिओ बनवायचे. ते मांडायला काही लागतं ना? मग स्वयंपाकघरातली पाव कापायची लाकडी फळी उचलायची, तिच्यावर खिळे ठोकायचे आणि खिळ्यांना तारा गुंडाळायच्या. पुढे लाकूड गेलं, खिळे गेले, प्लास्टिकची भोकं आली. नाव तेच राहिलं.

मला पटलं. मी म्हटलं, "आपल्या पैलवानासारखं." आमचा भट्टीवाला. एके काळी दोन पोती एकदम उचलायचा. आता पंधरा पाव उचलले तरी कंबर धरतो. पण पैलवान तो पैलवानच.

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही तरी दुसरं काय केलं होतं? मी नवी नवरी होते, तेव्हा माझी फळी पळवून तिच्यावर रेडिओ ठोकलात. भोकं पडलेल्या फळीवर मी वर्षभर पाव कापत होते."

भाऊजी हसले. मास्तर हसला नाही. बिस्किट खायचा थांबला.

६ तारीख, गुरुवार

मास्तर सकाळीच हजर. "मावशी, ती फळी कुठली होती?"

"आपलीच."

"आपली म्हणजे बेकरीतली?"

"बेकरी काय परक्याची आहे?"

त्याने लिहून घेतलं. पाव न घेताच गेला. असं कधी होत नाही.

१० तारीख, सोमवार

तंत्रशाळेच्या अंकात मास्तरचा लेख आला आणि शहरातल्या पेपराने तो उचलला. सुनेने वाचून दाखवला. जगभरच्या प्रयोगशाळांत रोज बोलला जाणारा एक शब्द आपल्याच शहरातल्या एका साध्या बेकरीच्या फळीवर जन्मला असावा, असं मानायला जागा आहे, असं काहीतरी. वाक्य लांबलचक होतं. 'असावा' आणि 'मानायला जागा' हे मागच्या बाकावर बसवलेले, 'आपल्याच शहरात' पहिल्या बाकावर.

भाऊजी पेपर घेऊन खाली आले. तोंड पांढरंफटक. "वहिनी, हा शब्द माझ्या जन्माआधीचा आहे. दुसऱ्याच देशातला. कुठेही छापील सापडेल."

"मग तुम्ही उशिरा जन्मलात, त्याला मी काय करू?"

"मी पेपराला लिहितो."

"फुली पुसली की लिहा. पानभर लिहा. तोपर्यंत हात आवरा."

"पण हे खोटं आहे."

"मास्तर 'असावा' म्हणालाय. असावा खोटं नसतं."

हे मी कुठून बोलले कोण जाणे. मला एरवी आडून बोललेलं चालत नाही. पण भिंतीवर फुली मारलेला माणूस वेगळ्या रीतीने बोलतो, एवढं खरं.

१४ तारीख, शुक्रवार

फोटो काढायला आले. मला असल्या गोष्टींचा तिटकारा आहे. निळी साडी नेसले, कारण तीच हाताला लागली. सून म्हणाली, "आई, ती तर ट्रंकेत तळाशी होती." तिला भलते प्रश्न फार.

फोटोवाल्याने मला भट्टीपुढे उभं केलं, भाऊजींना स्टूलवर बसवलं आणि म्हणाला, "आजोबा, विचारात पडल्यासारखं करा." करावं लागलं नाही.

१५ तारीख, शनिवार

फोटो छापून आला. माझी मान तिरकी आली आहे. सुनेला त्याच्या दोन प्रती जास्त आणायला सांगितल्या. एखादी फाटते.

मास्तर म्हणतो, समितीला फळी दाखवावी लागेल. मी म्हटलं, ती कधीच चुलीत गेली. तो म्हणाला, "मावशी, नीट शोध." त्याचा 'नीट' मला कळला. पीठ फुगायला ठेवतो त्या जुन्या फळ्या माळ्यावर आहेत. त्यातली एक काढली, चांगली काळी, कडेला किडलेली. मास्तरने फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाला, "चार खिळे असते तर बरं होतं."

पैलवानाने खिळे ठोकले. आधी भाऊजींना सांगितलं होतं. ते म्हणाले, "मी नाही ठोकणार." जन्मभर नको तिथे खिळे ठोकले आणि आज घरासाठी चार ठोकायचे तर हात दुखतो.

खोटं काय आहे त्यात? फळी खरी. खिळे खरे. ठोकले तेही खरं. कधी, हे कोणी विचारलं नाही.

भाऊजी काल आणि आज जेवायला आले नाहीत. पोट बिघडलं असणार. मऊ भात त्यांच्या खोलीत पाठवला. परत आला.

१९ तारीख, बुधवार

समिती येऊन गेली. पुढे अध्यक्षबाई, मागे बाकीचे, जसे ट्रेवर पाव. बाई उंच, गळ्यात लाकडी मण्यांची माळ, आणि जिथे तिथे खोल श्वास घेतात. भट्टीपाशी आल्या, डोळे मिटले, म्हणाल्या, "हा वास. किती अस्सल." पैलवानाची ट्रेवरची बिस्किटं करपत होती त्याचा वास होता तो.

फळी हातात घेतली, खिळ्यांवर बोट फिरवलं. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. खिळ्यांना गंज लागावा म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवायचे, हे मलाही सुचलं नव्हतं आणि मास्तरलाही. बाई म्हणाल्या, "किती जपलंय यांनी. अजून चमकतात."

मग भाऊजींना विचारलं, "तुम्हीच ते?"

आणि भाऊजी बोलले. माझ्याकडे न बघता सगळं बोलले. "नाही बाई. हा शब्द जुना आहे, इथला नाही. माझ्यासारखी हजारो पोरं घरच्या फळ्या खराब करत होती. मी त्यातला एक. आणि ही फळी ती नव्हे."

मास्तर भिंतीकडे बघत होता. अध्यक्षबाई मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या, "बघितलंत? खरी माणसं अशी असतात. श्रेय द्यायला गेलं तर अंग चोरतात."

सगळ्यांनी माना हलवल्या. एकाने टिपून घेतलं.

भाऊजी तसेच उभे. मला हसूही आलं आणि रागही आला. जन्मात एकदा ठणकावून खरं बोलले, तर लोकांना तो विनय वाटला.

२२ तारीख, शनिवार

फुली पुसली. तोच पोरगेलासा माणूस आला, त्याच तोंडाने पुसून गेला. आज त्याला ताजा पाव दिला.

दुकान वाचलं. माझी खोली वाचली. वही इथे बंद करणार होते, पण आता सवय लागली.

समितीची दोन माणसं भाऊजींची खोली बघून गेली. ती म्हणे जशी होती तशी ठेवायची. मात्र आत्ता आहे तशी नाही, तेव्हा होती तशी. म्हणून त्यांचा पलंग बाहेर, पंखा बाहेर, नव्या तारा बाहेर आणि ती पांढरी भोकांची फळीसुद्धा बाहेर. आत एक जुनं टेबल, एक बंद रेडिओ आणि काचेच्या पेटीत आमची खिळ्यांची फळी. रेडिओ कुठून तरी दुसरीकडून आणला. भाऊजी म्हणाले, "हा माझा नाही." समितीवाल्यांनी सांगितलं, "चालतं."

भाऊजी भट्टीजवळ पोत्यांवर झोपतात. तिथे ऊब असते म्हणाले. मला वाटतं आवडतं त्यांना. पैलवान पहाटे भट्टी पेटवायला आला तर हे आधीच उठून बसलेले असतात, असं तो सांगत होता.

२७ तारीख, गुरुवार

आज पाटी लागली. पितळेची, चांगली जाड. 'ब्रेडबोर्ड या शब्दाचे जन्मस्थान.' 'असावे' कुठेच नाही. मास्तरला विचारलं, तो म्हणाला पितळेत जागा कमी होती.

भाषणं झाली. अध्यक्षबाई म्हणाल्या की पावाने पोट भरतं आणि फळीने जग जोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला, ते कोणाला कळलं असेल असं वाटत नाही. तंत्रशाळेचे मोठे साहेब म्हणाले की मास्तरला आता विभागप्रमुख करायला हवं. मास्तरने अंग चोरलं. त्याला कोणी विनय म्हणालं नाही.

पाटी मला आवडली. हे इथेच लिहिते. सकाळी दार उघडताना हाताने पुसून घेतली, धूळ असते म्हणून.

कार्यक्रम उरकल्यावर एकाने कागद हातात दिला, अटींचा. सुनेला म्हटलं, वाच. ती वाचता वाचता थांबली.

"आई, आग लावायची नाही म्हणतात."

"कुठे?"

"बेकरीत कुठेच. धूर नको, पीठ उडायला नको, उष्णता नको. वास्तूला धोका पोचतो."

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. पुन्हा तेच निघालं.

३१ तारीख, सोमवार

समितीच्या कचेरीत गेले. अध्यक्षबाईंनी बसायला खुर्ची दिली, गार पाणी दिलं. मी म्हटलं, "बाई, ती बेकरी आहे. आग नाही तर पाव नाही. पाव नाही तर बेकरी कसली?"

"तिचं बेकरीपण आपण जपणारच आहोत," बाई म्हणाल्या. "भट्टीत तांबडा दिवा बसवू. विस्तवासारखा लुकलुकणारा. तुमचे दीर बनवतील ना ते सर्किट? किती सुंदर होईल. आणि तुमचा भट्टीवाला पांढरी टोपी घालून तिथे उभा राहील."

"आणि पाव?"

"पावही ठेवू. प्लॅस्टरचे. खराब होत नाहीत."

मी पाणी न पिता उठले. परत येऊन पैलवानाला सांगितलं. तो कंबर धरून खाली बसला आणि म्हणाला, "बाई, टोपी कशी असेल?" त्याला दोन शब्द सुनावणार होते. पण त्याचा चेहरा बघून गप्प बसले. बेकरी बंद झाली तर त्याला कोण ठेवणार? पिठाशिवाय दुसरं काही येत नाही त्याला. मला तरी कुठे येतं.

भट्टी आज थंड आहे. या घरात आले तेव्हापासून ती कधी थंड बघितली नव्हती. हे गेले त्या दिवशीही पहाटेची खेप झाली होती. हात लावला तर साधी वीट.

४ तारीख, शुक्रवार

मीच भाऊजींना म्हटलं, "जा आणि सांगा खरं काय ते. पानभर सांगा."

त्यांनी एका शब्दानेही टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. इस्त्रीचा सदरा घातला, चार छापील पुस्तकं काखेत मारली आणि कचेरीत गेले. त्यांत तो शब्द कधीपासून छापलाय हे सगळं होतं. दुपारी परत आले. गळ्यात हार.

"काय झालं?"

"सत्कार."

पुस्तकं ठेवून घेतली म्हणे, काचेच्या पेटीत लावायला. आणि नवीन वाक्य ठरलं. शब्द जुना असला तरी त्याचा आत्मा इथे जन्मला.

मी म्हटलं, "आत्म्याला आग चालते का विचारायचं होतं."

भाऊजी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मग हार पैलवानाला दिला. त्याने तो पिठाच्या पोत्याला घातला.

९ तारीख, बुधवार

आज मी गेले. भाऊजींना भांडता येत नाही. पुस्तकं दाखवून कुठे भांडण होतं?

अख्खी समिती बसली होती, मास्तरसुद्धा. मी उभ्यानेच बोलले. "एक सांगा. तुमच्यापैकी आमच्याकडे पाव कोण घेतं? अख्खा मिळतो की कापलेला?"

"अख्खा," एकजण म्हणाला. "म्हणून तर चांगला असतो."

"आम्ही पाव कापत नाही. कधीच कापला नाही. मग बेकरीत पाव कापायची फळी कशाला असेल? ती पेटीतली फळी पीठ फुगवायची आहे. खिळे गेल्या महिन्यात पैलवानाने ठोकलेत, मास्तरला विचारा. भाऊजींनी रेडिओ ठोकला ती फळी वरच्या माझ्या स्वयंपाकघरातली होती. बेकरीचा आणि तुमच्या शब्दाचा काडीचा संबंध नाही. उचला तुमची पाटी."

मास्तरच्या कपाळावर घाम. मला वाटलं, जिंकले.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे उगम वरच्या स्वयंपाकघरात आहे," हळूच म्हणाल्या. "आणि आपण ते उघडं टाकलं होतं."

सगळे एकदम लिहायला लागले.

१० तारीख, गुरुवार

स्वयंपाकघराला दोरी बांधून गेले. आत जायचं नाही, शेगडी लावायची नाही. खिळ्यांची फळी पेटीतून काढली नाही. ती 'परंपरा' म्हणून राहणार. मास्तरच्या विभागप्रमुखपणालाही धक्का लागला नाही, उलट त्याचा संशोधनाचा दुसरा टप्पा सुरू झाला.

सून जिन्यात स्टोव्ह ठेवून भात करत होती. मी पायरीवर, भाऊजी खालच्या पायरीवर. पैलवान उंबऱ्यात. सगळी बेकरी जिन्यात.

मी म्हटलं, "आता मी तोंड उघडत नाही. पुढच्या खेपेला संडासाला दोरी लागेल."

भाऊजी अटींचा कागद वाचत होते. त्यांना बारीक अक्षरं आवडतात. म्हणाले, "वहिनी, आपण उगाच शब्द कुठला ते सांगत बसलो. त्यांना ते नकोच आहे. इथे शेवटी लिहिलंय. अट मोडली तर दर्जा आपोआप रद्द. कोणाला काही पटवायला नको. भट्टी पेटवा, झालं."

सुनेने उलथनं खाली ठेवलं. पैलवान उभा राहिला, कंबर न धरता.

"म्हणजे पाटी जाणार," मी म्हटलं.

"पाटी जाणार. फुली परत येणार. दुकान जाईल, आणि वरची तुमची खोली." थांबले. "मी पहिल्या दिवशी मोजलं होतं. भट्टी राहते. मागच्या गल्लीत एक खिडकी काढली की पाव विकता येतो."

सांगितलं होतं खरं. मी ऐकलं नव्हतं असं नाही. पण दुकान गेल्यावर काय उरतं, एवढंच बघत होते.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या खोलीतून अख्खा रस्ता दिसतो. हे गेल्यावर पहिलं वर्षभर मी त्या खिडकीत बसूनच बेकरी चालवली, खाली न येता वरून ओरडून. तिथून कोण कोणाकडचा पाव घेतो तेही दिसायचं. आणि पाटी. आयुष्यात कोणी माझ्या दारावर काही चांगलं लिहिलं नव्हतं. लिहिलं ते खोटं निघालं, तरी लिहिलं होतं.

मी म्हटलं, "भात करपतोय." आणि वर गेले. अजून कोणाला काही बोलले नाही.

११ तारीख, शुक्रवार

पहाटे खाली गेले तर भाऊजी पोत्यांवर उठून बसलेले, पैलवान दारात. कोणी कोणाला काही विचारलं नाही. मी म्हटलं, "लाकडं काय मी आणू?"

पेटली. थंड पडली होती म्हणून आधी नुसता धूर, डोळ्यांत पाणी येईल असा. मला आलं. धुरानेच. पहिली खेप कच्ची निघाली, दुसरी जळली, तिसरी बरी. तिसरीचा वास रस्त्यावर गेला आणि लोक आले. इतके दिवस कुठे होतात म्हणून मलाच विचारतात. मी म्हटलं, "जन्मस्थानात."

मग उजेड झाल्यावर मी स्वतः दोरी ओलांडून स्वयंपाकघरात गेले आणि चहा केला. भाऊजींना म्हटलं, "तुमची ती बिस्किटाची फळी तुमच्या टेबलावर नेऊन ठेवा. आणि पलंगही न्या." ते म्हणाले, "दुपारी नेतो." मी म्हटलं, "आत्ता." पोत्यांवर झोपून त्यांची पाठ गेली आहे. चहाचा कप घ्यायला वाकता येईना. मला आज दिसलं.

१६ तारीख, बुधवार

दर्जा रद्द. कागद आला. आम्ही दुसरी खेप काढत होतो, हातांना पीठ होतं, म्हणून सुनेने सही केली.

मास्तर येऊन आरडाओरडा करून गेला. "मावशी, तू माझं सगळं धुळीला मिळवलंस."

"पिठाला," मी म्हटलं. "पाव नेणार का?"

नेला. रागात दोन नेले.

पाटी काढायला माणूस आला. पेच घट्ट बसले होते, निघेनात. भाऊजींनी काढून दिले. मी तोवर आत होते. काम होतं.

२८ तारीख, सोमवार

पुढचा भाग पाडला. भाऊजींनी मोजलं होतं तिथेच तोडलं, वीतभरही इकडेतिकडे नाही. मी बघितलं नाही, मागच्या खिडकीत पाव विकत होते. खिडकी भाऊजींनी आणि पैलवानाने काढली. जरा तिरकी आहे. इथून रस्ता दिसत नाही, गल्ली दिसते. एक बरं, गिऱ्हाईक अगदी नाकासमोर येतं, ओरडावं लागत नाही. सून म्हणते, तरी तुम्ही ओरडताच.

रात्री मी आता स्वयंपाकघरात झोपते. भाऊजी आपली खोली द्यायला निघाले होते. मी म्हटलं, तारांत पाय अडकून मरायची हौस नाही मला. ते हसले. ऊठसूट हसायला लागलेत हल्ली.

दुपारी कोपऱ्यावरचा सुतार आला. पाव घेऊनही जाईना. उभा राहून इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "मावशी, तुमचे मास्तर आले होते काल. विचारत होते, तो रेडिओचा शब्द, ती फळी मुळात कोणी बनवली असेल. म्हणाले, फळी कोणाच्याही घरात असो, बनवणारा सुतारच ना. माझे आजोबा इथेच फळ्या करायचे. मी हो म्हणून टाकलं. त्यांनी लिहून घेतलं. यात काही त्रास तर नाही ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. अंगावर सगळा भुसा, भुवयांतसुद्धा. चेहरा मात्र खुललेला. नवा सदरा घातला होता, तोही भुशासकट.

"तुझ्याकडे रंधा चालतो ना?" मी विचारलं.

"चालतो की. दिवसभर."

"भुसा उडतो?"

"उडणारच. सुताराचं दुकान आहे."

त्याला एक पाव जास्त दिला आणि म्हटलं, "मग आज घरी जाऊन पोटभर उडवून घे."